हातातली वीट

“थे सगळं ठीक हाय वं, पन जुना ड्रॅगन काय करते मंग यात?”

दादाने हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही अमरावतीत, गाडगेनगरातल्या त्याच्या खोलीबाहेर चहा पीत उभे होतो. मी त्याला फोनवर माझा नवा कॅट दाखवत होते. यू-गी-ओ! मधला, ‘ब्लू-आईज’चा. आमच्या लहानपणी त्याने मला शिकवलेला, मग आम्हा दोघांकडूनही सुटलेला, आणि आता नव्या कार्डांमुळे पुन्हा जिंकायला लागलेला. मी एका दमात सगळं सांगितलं: कोणतं नवीन कार्ड काय करतं, कुठून काय ओढून आणतं, शेवटी मैदानावर काय उभं राहतं. दादाने शांतपणे ऐकलं आणि हा एकच प्रश्न टाकला.

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. अकोल्याला परतताना एसटीत बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मी तोच विचार करत होते. जुनं काहीतरी ‘परत आलं’ असं आपण म्हणतो तेव्हा नक्की काय परत आलेलं असतं? नाव, चित्र, की ते जुनं काम? हा लेख म्हणजे दादाला दिलेलं उशिराचं उत्तर आहे.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं.

आपल्या घरातला पत्त्यांचा कॅट बावन्न पानांचा. आजीने मेंढीकोट खेळला तो याच बावन्न पानांनी, आपणही त्यानेच खेळतो. पान बदलत नाही, डाव बदलतो. हुकूम बदामचा ठरला की बदामची दुरीसुद्धा इस्पिकच्या एक्क्याला कापते. म्हणजे पानाची किंमत पानावर छापलेली नसतेच, ती त्या डावात ठरते.

यू-गी-ओ! मध्ये उलट आहे. काझुकी ताकाहाशी यांची मांगा १९९६ मध्ये जपानमध्ये सुरू झाली, कोनामीने १९९९ मध्ये तिथे कार्डांचा खेळ आणला आणि तेव्हापासून नवी पानं छापली जातच आहेत. आज हजारो वेगवेगळी कार्डं आहेत. त्यातली चाळीस ते साठ निवडून आपण आपला कॅट बांधायचा. एकाच नावाची जास्तीत जास्त तीन. याशिवाय पंधरापर्यंत कार्डांचा एक वेगळा ‘एक्स्ट्रा डेक’.

दुसऱ्या काही कार्ड-खेळांत, उदाहरणार्थ पोकेमॉनच्या स्पर्धांमध्ये, जुने संच ठरावीक काळाने बाद होतात. इथे तसं होत नाही. बंदी आलेली मोजकी कार्डं सोडली तर पंचवीस वर्षांपूर्वीचं पानही आज चालतं. चालतं म्हणजे खेळायला परवानगी असते, जिंकायची हमी नसते. नव्या पानांची ताकद दरवर्षी थोडी थोडी वाढत जाते. ही ताकदीची महागाई आहे, आणि जुनं पान म्हणजे या महागाईतली शंभराची नोट. खोटी नाही, पण तिच्यात आता काही येत नाही.

ब्लू-आईज व्हाइट ड्रॅगन ही तशीच नोट. ३००० आक्रमण, २५०० बचाव, पातळी ८. कार्टूनमधला गर्विष्ठ कायबा हा ड्रॅगन काढायचा तेव्हा पडद्यावरचं वातावरणच बदलायचं. आमच्या जठारपेठेतल्या घरात केबलवर ते पाहताना दादा मांडी घालून बसलेला उठून उभा राहायचा. शाळेजवळच्या दुकानातून आणलेल्या पाकिटात त्याला हे कार्ड मिळालं, एक सोडून तीन. तिन्ही नकली, पातळ, इंग्रजीत चुका असलेली. त्याने ती कंपासपेटीत पेन्सिलींच्या खाली जपून ठेवली होती.

पण खेळ नियमाने खेळायला घेतला की या ड्रॅगनची गंमत कळते. पातळी सात किंवा त्याहून मोठा मॉन्स्टर साध्या पद्धतीने मैदानात आणायचा तर आधी आपलेच दोन मॉन्स्टर बळी द्यावे लागतात, आणि साधं आवाहन डावात एकदाच. म्हणजे दोन छोटे जमवायचे, ते समोरच्याच्या तावडीतून वाचवायचे, मग हा मोठा येणार. आजचा खेळ तर पहिल्या दोन डावांतच निकाली निघतो. तोवर हा ड्रॅगन हातात नुसता बसून राहतो.

अशा अडकलेल्या कार्डाला जगभरचे खेळाडू ‘ब्रिक’ म्हणतात. वीट. मराठीत हा शब्द फारच चपखल बसतो, कारण हातात विटा आल्या की खेळाचाही वीट येतो. चाळीस पानांत तीन ब्लू-आईज असतील, तर सुरुवातीच्या पाच पानांत निदान एक येण्याची शक्यता साधारण ३४ टक्के. दर तीन डावांत एकदा सुरुवातीलाच हातात वीट.

यावर उपाय म्हणून कंपनी नवी कार्डं काढते, त्यांना ‘सपोर्ट’ म्हणतात. हे प्रेमापोटी होतं असं मानायचं कारण नाही. लहानपणी कार्टून पाहिलेली पोरं आता कमावती झाली आहेत, आणि आठवणींना गिऱ्हाईक असतं. पण विकण्यासाठी केलेली वस्तूसुद्धा चांगली किंवा वाईट केलेली असू शकते. समीक्षा तिथे सुरू होते. माझं म्हणणं असं, की जुन्या कॅटला दिलेलं प्रत्येक नवीन कार्ड म्हणजे जुन्या कार्डाचं एक वाचन असतं. नव्या कार्डाच्या मजकुरात, जुन्याबद्दल त्याच्या रचनाकाराला काय वाटतं ते लिहिलेलं असतं. तिथे दादाचा प्रश्न लावून बघायचा: जुना काय करते मंग यात?

पहिलं वाचन: वीट फेकून द्या. ‘ट्रेड-इन’ नावाचं एक कार्ड आहे. हातातला पातळी ८ चा मॉन्स्टर टाकून द्यायचा आणि दोन नवीन पानं उचलायची. कितीतरी वर्षं ब्लू-आईज खेळणारे याच्यावर जगले. उपयोगी आहे, मी नाव ठेवणार नाही. पण त्याचं वाचन स्पष्ट आहे: हा ड्रॅगन ओझं आहे, त्याच्या बदल्यात काहीतरी घ्या. तिथे ब्लू-आईजच्या जागी पातळी ८ चा दुसरा कोणीही चालतो.

दुसरं वाचन: वीट जाळा. याचं उदाहरण ब्लू-आईजच्या शेजारच्या घरातलं आहे. त्याच कार्टूनमधला नायकाचा ‘डार्क मॅजिशियन’ आणि त्याच्या मित्राचा ‘रेड-आईज ब्लॅक ड्रॅगन’. २०२० च्या सुमारास या दोघांच्या मिलनातून तयार होणारं ‘रेड-आईज डार्क ड्रॅगून’ नावाचं कार्ड खेळात धुमाकूळ घालत होतं. समोरच्याचा इफेक्ट त्याला नेम धरू शकत नाही, नष्टही करू शकत नाही, उलट तेच समोरच्याच्या चाली मोडतं. वरवर पाहिलं तर दोन जुन्या लाडक्या पानांचा केवढा सन्मान!

प्रत्यक्षात काय व्हायचं? ‘व्हर्टे ॲनाकोंडा’ नावाचं तिसरंच एक कार्ड मैदानावर यायचं. ते काढायला कोणतेही दोन इफेक्टवाले मॉन्स्टर पुरत. मग २००० गुण मोजून ते थेट कॅटमधलं ‘रेड-आईज फ्यूजन’ वापरायचं, आणि ते फ्यूजन डार्क मॅजिशियन आणि रेड-आईजला कॅटमधून परस्पर स्मशानात पाठवायचं. ड्रॅगून उभा. आपलं लाडकं पान हातात आलंच नाही, मैदानावर उतरलंच नाही. उलट ते चुकून हातात आलं तर खेळाडू कपाळावर हात मारायचा, कारण आता ते कॅटमधून जाळता येणार नव्हतं. ज्यांचा या गोष्टीशी काडीचा संबंध नाही अशा कॅटमध्येही एक-एक डार्क मॅजिशियन आणि रेड-आईज सरपणासारखे भरलेले असत. पुढे ड्रॅगूनवर बंदीही आली.

आकड्यांनी पाहिलं तर डार्क मॅजिशियन तेव्हा पुष्कळ कॅटमध्ये होता. दादाच्या प्रश्नाने पाहिलं तर तो कुठेच नव्हता.

तिसरं वाचन मात्र मला अजून थक्क करतं. २०१६ साली ‘ब्लू-आईज अल्टर्नेटिव्ह व्हाइट ड्रॅगन’ आला. आकडे तेच, ३००० आणि २५००. मैदानावर आणि स्मशानात त्याचं नावही ‘ब्लू-आईज व्हाइट ड्रॅगन’च होतं. डावात एकदा समोरचा एक मॉन्स्टर नष्ट करतो, पण मग त्या डावात हल्ला करत नाही. हे सगळं चांगलंच. पण खरी करामत त्याच्या येण्याच्या अटीत आहे. बळी नको, मिलन नको. आपल्या हातात मूळ ब्लू-आईज व्हाइट ड्रॅगन असेल तर तो समोरच्याला दाखवायचा. बस. दाखवला की हा नवा हातातून सरळ मैदानात.

जरा थांबून बघा काय झालं ते. मूळ ड्रॅगनचा दोष एकच होता, तो हातात अडकून पडतो. नव्या कार्डाने तो दोष काढला नाही, लपवला नाही, त्याच्यावर मात करायला दुसरी चाल दिली नाही. त्या दोषालाच पात्रता केलं. तू हातात अडकून पडलायस? छान, तिथेच हवा आहेस. फेकू नकोस, जाळू नकोस, फक्त दाखव. आणि दाखवूनही तो हातातच राहतो, पुढच्या वेळी पुन्हा दाखवता येतो.

विटेची एक गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पुंडलिकाने आईवडिलांची सेवा करता करता हाताशी होती ती वीट मागे भिरकावली, आणि देव तिच्यावर उभा राहिला. विटेचं काही सोनं झालं नाही. ती वीटच राहिली. तिच्यावर कुणीतरी उभं राहिलं, एवढाच फरक. अल्टर्नेटिव्हने मूळ ब्लू-आईजचं नेमकं हेच केलं.

हे नुसतं सुंदर होतं असं नाही, चाललंही. त्याच सुमारास आलेल्या ‘सेज विथ आईज ऑफ ब्लू’, ‘व्हाइट स्टोन ऑफ एन्शंट्स’ आणि ‘ब्लू-आईज स्पिरिट ड्रॅगन’ यांच्या जोडीने हा कॅट २०१६ च्या ऑर्लँडोतल्या जागतिक स्पर्धेत उतरला आणि जपानच्या शुन्सुके हियामाने तो घेऊन विजेतेपद मिळवलं. ज्या पानाला ‘पोरांचं पान’ म्हणून हसायचे, ते जगज्जेत्याच्या हातात होतं. हातातच होतं, हे महत्त्वाचं.

आता माझ्या नव्या कॅटकडे, म्हणजे दादाने ज्याच्यावर प्रश्न विचारला त्याकडे.

जपानमध्ये २०२४ मध्ये आणि बाकी जगात २०२५ च्या सुरुवातीला ‘ब्लू-आईज व्हाइट डेस्टिनी’ नावाचा तयार कॅट आला. त्यातलं मुख्य कार्ड ‘मेडन ऑफ व्हाइट’, पातळी १ ची एक मुलगी. मांगा वाचलेल्यांना ती ओळखीची आहे: किसारा, प्राचीन इजिप्तमधली ती गोरी मुलगी जिच्या आत्म्यात पांढरा ड्रॅगन राहत होता. ही मुलगी मैदानावर आली की ‘ट्रू लाइट’ नावाचं कार्ड समोर मांडू शकते आणि ट्रू लाइट मूळ ब्लू-आईजला हातातून किंवा स्मशानातून मैदानात आणू शकतं. आधी मुलगी, मग प्रकाश, मग ड्रॅगन. कार्डांनी कथाच सांगितली आहे, आणि तीही खेळण्याच्या ओघात. इथे रचनाकाराने जुनं पान नीट वाचलंय याबद्दल मला शंका नाही.

याच काळात ‘प्रिमाइट’ नावाची कार्डं आली. त्यांचा ब्लू-आईजशी कथेच्या दृष्टीने काही संबंध नाही, पण त्यांना ‘साधे’ मॉन्स्टर लागतात. साधे म्हणजे पिवळसर चौकटीचे, ज्यांच्यावर कसलाही इफेक्ट नाही, फक्त दोन-तीन ओळींचं वर्णन आहे. आजच्या खेळात असं कोरं पान म्हणजे गरिबी. प्रिमाइट म्हणतात, कोरं आहे म्हणूनच चालेल. पुन्हा तीच युक्ती, उणेपणाची पात्रता करण्याची. ब्लू-आईज आणि प्रिमाइट एकत्र करून २०२५ मध्ये खेळाडूंनी मोठ्या स्पर्धांमध्ये वरच्या जागा गाठल्या. पण इथे मी अर्धेच गुण देईन. प्रिमाइटला ब्लू-आईज हवा असतो तो कोरा म्हणून, ब्लू-आईज म्हणून नाही. उद्या याहून सोयीचं कोरं पान मिळालं की ते त्याच्याकडे जातील.

आणि एकूण कॅटचं काय? माझ्या फोनवर मी खेळते तेव्हा सुरुवात मेडनपासून होते, मध्ये बरीच ने-आण होते आणि शेवटी मैदानावर उभे असतात ते एक्स्ट्रा डेकमधले सिंक्रो ड्रॅगन. मूळ ब्लू-आईज बहुतेक वेळ स्मशानात असतो, हाक मारली की येतो, धडक देतो, पुन्हा जातो. कामाला आहे, पण आता तो घरातला कर्ता नाही. लग्नात सगळे ज्यांच्या पाया पडतात आणि ज्यांना विचारून मात्र काही ठरत नाही, अशा आजोबांसारखा.

म्हणून माझा निकाल असा: २०२५ चा कॅट २०१६ च्या कॅटपेक्षा जास्त कामं करतो आणि कथा जास्त प्रेमाने सांगतो. पण वाचन म्हणून २०१६ चं ते एक कार्ड अजूनही वरचढ आहे. त्याने एका ओळीत जे केलं, ते या सगळ्यांनी मिळून अनेक पानांत केलं.

हा प्रश्न एकदा हातात आला की तो कार्डांपुरता राहत नाही. पुण्यात शिकायला गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात मी “मले” म्हटलं आणि अख्खी रूम हसली. मी गप्प झाले, “मला” शिकले. आता रील्सवर वऱ्हाडी जोरात आहे. “काऊन बे” म्हटलं की लाखाने लाइक. लोक म्हणतात, बोली परत आली. काही रील्समध्ये खरंच आलीय, तिथे ती गोष्ट वऱ्हाडीतून काढली तर उरतच नाही. पण पुष्कळ रील्समध्ये आपली बोली ड्रॅगूनच्या खालचं सरपण असते. हशा उभा करायचा आणि बोली स्मशानात. तिथे मी दादाचा प्रश्न विचारते आणि पुढे सरकते.

हे सगळं मी दादाला सांगितलं, महिन्याभराने पुन्हा अमरावतीला गेले तेव्हा. दादा तिशी ओलांडून राज्यसेवेचा अभ्यास करतो. ही मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. पूर्वी चार पर्यायांतून एक निवडायचा, आता पानंच्या पानं लिहायची. त्याच्या भिंतीवर सहा वर्षांच्या एकेका ओळीच्या चिठ्ठ्या आहेत: कलमं, सनावळ्या, आयोग, नद्या. मला मोह झाला म्हणायचा, की बघ दादा, तुझ्या हातात विटा आहेत, आता त्या दाखवायच्या. पण म्हटलं नाही. कार्डाला कंपनी सपोर्ट छापते, माणसाला कोण छापतं? आणि खेळात हरलं तर पुन्हा पिसता येतं. त्याला वयाची अट आहे.

तो मात्र एक चिठ्ठी काढून म्हणाला, “हे एवढंच पाठ होतं. आता याच्यावर दीड पान लिहतो रोज.” मग फोन मागितला.

फोनवरच्या या खेळात हवं ते सर्वांत दुर्मिळ कार्ड घडवायला तशीच साधारण तीन कार्डं मोडावी लागतात. सराफाकडे जुनं सोनं देताना घट धरतात, त्याहून वाईट हिशोब. मला दोन नवी कार्डं हवी होती आणि जवळ मोडण्यासारखं फार उरलं नव्हतं. शिवाय स्पर्धेतले काही खेळाडू विटा कमी करायला मूळ ब्लू-आईज तीनऐवजी दोनच ठेवतात, असं मी वाचलं होतं. दादाने माझा कॅट खालपर्यंत सरकवून पाहिला. त्यात मी आता तीन अल्टर्नेटिव्ह घातले होते. तीन ब्लू-आईजवर त्याचा अंगठा थांबला.

“एक कमी करू का?” मी विचारलं. “हातात अडकते.”

“नको,” तो म्हणाला. “तिन्ही राहू दे. दाखवाले लागते.”